दादरला उतरा : मुंबईत मराठी वाचायला लागणाऱ्यांसाठी

‘मराठी वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारं कुणी ना कुणी आमच्या ऑफिसात दरवर्षी निघतंच. कधी पार्ल्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी असते. आजीचं बोलणं तिला सगळं कळतं, पण मराठीत छापलेलं पान दिसलं की धाप लागते. कधी लातूरहून नोकरीला आलेला मुलगा असतो. मराठी पक्की, पण परीक्षेला नसलेलं पुस्तक कधी उघडलेलं नाही. दोघांनाही यादी हवी असते. मी एकदा दिली होती. चांगली शंभर पुस्तकांची, दोन रविवार बसून केलेली. ज्याला दिली त्याने ती फ्रिजवर चुंबकाने अडकवली. चार वर्षांनी त्याच्या घरी गेले, तर यादी तिथेच होती आणि तिच्या कोऱ्या जागेत दुधाचा हिशेब लिहिलेला होता.

तेव्हापासून मी यादी देत नाही, स्टेशनचं नाव सांगते. दादरला उतरा. मुंबईत राहताय ना, मग मुंबईतूनच आत शिरा. ज्या रस्त्याने रोज जाता त्या रस्त्यावर कुणी काय लिहिलंय ते आधी वाचा. ज्ञानेश्वरी कुठे पळून जात नाही.

आधी कार्ड काढा

पुस्तक विकत घेऊ नका. निदान पहिले सहा महिने तरी नाही. विकत घेतलेलं पुस्तक ‘वाचू कधीतरी’ म्हणून कपाटात जातं. ग्रंथालयाच्या पुस्तकाला परत करायची तारीख असते, आणि आपण मुंबईकर तारखेला आणि दंडाला घाबरतो.

दादर पूर्वेला उतरून नायगावच्या बाजूला चालत जा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली सुरू झालं, आणि त्याच्या समोरच्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे. शहरात इतर ठिकाणी शाखाही आहेत, त्यामुळे घराजवळची कुठली ते आधी विचारून घ्या. ठाण्यात राहत असाल तर तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय याहून पाच वर्षांनी थोरलं, १८९३चं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ आहे. आणि जवळपास प्रत्येक उपनगरात एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर, पंख्याचा खडखडाट असलेली, एकच बाई सांभाळते अशी खासगी लायब्ररी अजून तग धरून आहे. तिला कमी समजू नका. त्या बाईला तुमची आवड तिसऱ्या फेरीत कळते.

कार्डासाठी पत्त्याचा पुरावा, फोटो, थोडी अनामत आणि वर्गणी लागते. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी आणि उशीर झाला तर काय, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. दुपारी जेवायच्या सुट्टीत जाऊन बंद खिडकीसमोर उभं राहण्याचा मान मला दोनदा मिळालाय, म्हणून वेळही विचारा.

पुस्तक हातात आलं की आधी आतला तारखांचा कागद बघा. जुन्या पुस्तकात एकेका शिक्क्यावर माणसं दिसतात: एका पावसाळ्यात लागोपाठ सहा जणांनी नेलेलं, मग आठ वर्षं कुणी हात न लावलेलं. आमची मावशी प्रत्येक पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीने मुगाच्या दाण्याएवढी फुली करायची. पुस्तक वाचलंय की नाही हे नावावरून आठवेना झालं की सत्ताविसावं पान उघडायचं. त्या काळी अनेक बायका असं करत. कुणी गोल, कुणी टिंब, कुणी इंग्रजी आद्याक्षर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरं, तिला ते सांगायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

पहिलं पुस्तक : तुमच्या स्टेशनाजवळचं

आता प्रश्न विचारा: रोज कुठे चढता, कुठे उतरता?

गिरगाव, चर्नी रोडच्या बाजूचे असाल तर पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ घ्या. पुस्तक १९५८चं. चाळ काल्पनिक आहे, पण गिरगावातल्या कुठल्याही लाकडी जिन्यावर उभं राहिलात तर ती खरी वाटायला लागेल. तुकड्यातुकड्यांनी वाचता येतं. नवख्या वाचकाला लागतं तेच नेमकं त्यात आहे: छोटे लेख, बोलता सूर आणि दर पानावर हसू. मात्र त्यावरच थांबू नका, कारण ती एकाच तऱ्हेची मुंबई आहे, पांढरपेशी, उपास करणारी आणि पत्रिका छापणारी. तिच्यामागोमाग लगेच दया पवारांचं ‘बलुतं’ वाचा. ग्रंथालीने १९७८ला काढलेलं हे दलित आत्मकथन. त्यातली नागपाड्याजवळची कावाखाना ही वस्ती गिरगावपासून चालत अर्ध्या तासावर असेल, पण बटाट्याच्या चाळीतून तिकडे जाणारा रस्ता तुम्हाला दिसणार नाही. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली की शहराच्या नकाशात एक घडी होती आणि ती आत्ता उलगडली असं वाटतं. मला तरी वाटलं होतं. आणि इतकी वर्षं ती घडी दिसली नव्हती याची लाजही वाटली होती.

लालबाग, परळ, करी रोड असेल तर नारायण सुर्वे. ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह १९६६चा. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल घरी आणलं, वाढवलं, आपलं नाव दिलं. ते मूल पुढे गिरणीत राबलं, शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक झालं आणि कवीही झालं. त्यांची कविता कळायला शब्दकोश लागत नाही. कवितेला घाबरणाऱ्या माणसाच्या हातात मी नेहमी हाच संग्रह ठेवते. सुर्व्यांनंतर जयंत पवार घ्या: ‘अधांतर’ हे नाटक आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह, ज्याला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर घराघरात काय उरलं, ते ‘अधांतर’मध्ये आहे. वाचून झालं की करी रोडच्या पुलावर उभं राहून सभोवतालचे टॉवर बघा. याहून वेगळी सूचना त्याबाबतीत मला सुचत नाही.

घाटकोपरवाल्यांना अण्णा भाऊ साठे. अण्णा भाऊंनी बरीच वर्षं चिरागनगरच्या झोपडीत काढली आणि तिथूनच लिहिलं. ‘फकिरा’ ही १९५९ची कादंबरी वारणेच्या खोऱ्यातली आहे, मुंबईतली नव्हे. पण मुंबईत बसून गावाकडे पाहणारा माणूस कसा लिहितो हे बघायला ती हवी. कोकणातून आलेल्या घरातले असाल तर ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’. आई सुपं-टोपल्या विणायची, त्या विणकामावरून नाव. रत्नागिरीकडची वाट, मुंबईतलं ऑफिस, घर आणि चळवळ हे सगळं त्यात एकमेकांत विणलेलं आहे.

नाक्यावर टाइमपास करत मोठे झालेले असाल, तर भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’. १९६५ला आलं तेव्हा त्याच्या भाषेवरून मोठा गदारोळ झाला होता. आज वाचताना गदारोळ कशाचा होता ते चटकन कळतं, आणि तो होऊन गेल्यावर काय उरलं तेही.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) मी पहिल्या महिन्यात देत नाही, दुसऱ्यात देते. त्यातले बरेच शब्द तुम्ही कधी ऐकलेले नसतील. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाचा, मग कविता मोठ्याने वाचा, अर्थ मागून येऊ द्या. आणि एक विनंती: पुस्तक वाचून ‘ती जागा बघायला’ कामाठीपुऱ्यात मोबाइल घेऊन फिरू नका. तिथे माणसं राहतात.

ज्यांना जुन्याची हौस आहे त्यांच्यासाठी गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’. साल १८६३. तेव्हा मुंबईत आगगाडी सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. सलग वाचू नका. आपल्या ओळखीच्या जागेचं नाव शोधा, तेवढीच पानं वाचा, ठेवून द्या.

गाडीत कसं वाचायचं

मी डोंबिवलीहून येते, लेडीज डब्यात. म्हणजे सकाळी उभं आणि संध्याकाळी नशीब असेल तर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून. जाडजूड कादंबरी या अवस्थेत वाचता येत नाही. एका हातात कडी, दुसऱ्यात डबा. त्यामुळे सकाळी कविता. एका स्टेशनात एक. मुंब्र्याला सुरू केलेली कविता ठाण्याला संपते, आणि पुढची गर्दी चढेपर्यंत तीच पुन्हा वाचायला वेळ मिळतो. लघुकथा परतीच्या गाडीत. कादंबरी रविवारी घरी, दुपारची भांडी आवरल्यावर.

पुस्तक धरलं की नाही ते ओळखायची माझी पट्टी साधी आहे. दादर ते डोंबिवली एका फेरीत त्याने धरलं नाही तर परत द्यायचं. अपराधी वाटून घ्यायचं नाही. ‘थोर पुस्तक आहे, आपलीच पोच कमी’ असं म्हणून ओढत वाचलेलं पुस्तक पुढच्या तीन पुस्तकांची भूक मारतं. नेमाड्यांची ‘कोसला’ मला विसाव्या वर्षी एका फेरीत धरून बसली, स्टेशन चुकलं. माझ्या बहिणीला तिने तिन्ही वेळा सोडलं. दोघीही बऱ्या आहोत.

मराठी वाचायचा वेग कमी असेल, म्हणजे तुम्ही इंग्रजी शाळेतले असाल, तर पहिले दोन आठवडे घरी दहा मिनिटं मोठ्याने वाचा. जोडाक्षरं डोळ्याला अडतात तितकी जिभेला अडत नाहीत. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना वाचून दाखवा. उच्चार तेच सुधारतील, तुम्हाला कुणी विचारो न विचारो.

शब्द अडला तर

सगळे शब्द कळलेच पाहिजेत असं नाही. पण एकच शब्द पानावर तीनदा आला आणि तीनदा अडला, तर शोधा. दोन मोठे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, १९३२ ते १९३८ या काळातला. रोजच्या कामाला दुसरा, जुन्या पोथी-बखरीला पहिला, असं मी ढोबळमानाने करते. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे, माणसांची आणि ग्रंथांची माहिती हवी असेल तेव्हा तो उघडा.

कोशात सगळं सापडतं असं मात्र नाही. गिरणगावावरच्या लिखाणात ‘साचा’ हा शब्द मला सारखा भेटायचा. माणूस साच्यावर उभा आहे, साचे चालू आहेत. मी मनात मोदकाचा साचा धरून वाचत होते आणि काहीच जुळत नव्हतं. शेवटी आमच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. त्यांनी गिरणीत तीस वर्षं काढलेली. ते आधी हसले. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं ताट बाजूला सारलं, दोन्ही हात पुढे केले आणि धोटा इकडून तिकडे कसा जायचा ते दाखवलं: डावीकडून उजवीकडे, टक, उजवीकडून डावीकडे, टक. साचा म्हणजे माग. विणकामाचं खातं ते साचेखातं. एक कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा करायचा तो बदली, आणि बदल्यांना उभं करणारा तो जॉबर. पंधरा मिनिटांत मला जेवढं कळलं तेवढं कोशाच्या सात खंडांनी सांगितलं नसतं. त्यांचा चहा तेवढा गार झाला.

तेव्हा शब्द अडला तर आधी माणूस शोधा. भंडारी, कोळी, आगरी शेजारी असतील तर अजून दहा शब्द पदरात पडतील.

आता नाटक

मुंबईत राहून मराठी नाटक बघितलं नाही असं सांगणाऱ्याचं मला वाईट वाटतं. इतकी नाट्यगृहं, इतके प्रयोग. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. १८४३ला त्याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. तिथून आजच्या दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंतचा इतिहास तुम्ही नंतर सावकाश वाचा. आधी तिकीट काढा.

शनिवार-रविवारच्या मराठी वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं. लहान चौकटी, वर नाटकाचं नाव, खाली ‘शनि. रात्री’, ‘रवि. दु.’ आणि नाट्यगृह. ते बोट ठेवून वाचा. मी एकदा घाईत वरच्या चौकटीतला दिवस आणि खालच्या चौकटीतलं नाट्यगृह असं एकत्र वाचलं आणि सासूबाईंना घेऊन पार्ल्याला दीनानाथला पोचले. नाटक मुलुंडला कालिदासला होतं. सासूबाईंनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

तिकीट ऑनलाइन मिळतंच, पण एकदा तरी नाट्यगृहाच्या खिडकीवर जा. समोर आसनांचा तक्ता असतो, खिडकीतला माणूस विचारतो ‘कुठे देऊ?’ आणि तुम्ही हव्या त्या रांगेवर बोट ठेवता. पहिल्यांदा जाणाऱ्याने अगदी पुढे बसू नये. मान वर करून दोन तास काढावे लागतात. सातवी-आठवी रांग, मधोमध. खिशाला परवडत नसेल तर बाल्कनी. आवाज वरपर्यंत येतो, चेहरे तेवढे लहान दिसतात.

तिसऱ्या घंटेच्या आत जाऊन बसा. मोबाइल नुसता सायलेंट करून खिशात ठेवू नका, बंदच करा. नाटक चालू असताना पेटलेला पडदा रंगमंचावरून स्पष्ट दिसतो, आणि नटाने प्रयोग थांबवून प्रेक्षकाला झापल्याचे प्रसंग घडलेले आहेत. तो प्रेक्षक तुम्ही असू नये. मध्यंतरात बटाटावडा खा. रांग मोठी असते म्हणून पडदा पडताक्षणी उठणारे पाठीमागच्या दारापाशी जागा धरून बसतात, तेही शिकाल. नाटक आवडलं तर संपल्यावर आत रंगपटात जाऊन नटांना भेटता येतं. फारसं काही बोलायची गरज नाही. मेकअप पुसत असलेला माणूस ‘आवडलं का?’ विचारतो, आपण ‘हो’ म्हणायचं.

शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी रंगायतन: व्यावसायिक नाटकं मुख्यतः इथे. त्यांतली बरीचशी हलकीफुलकी असतात, आणि नवख्याने लाज न बाळगता तिथूनच सुरुवात करावी. हसणाऱ्या आठशे माणसांत बसायची सवय लागली की गंभीर नाटकातली शांतता जास्त ऐकू येते.

मग प्रायोगिककडे वळा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ला मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने केलं, अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली. पुढे १९७१ला अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग करायला लागले. नीट रंगमंच नाही, विंगा नाहीत, समोर खुर्च्या. मराठी नाटकातलं बरंच नवं काम त्या शाळेत झालं. छबिलदासच्या गल्लीतून आज जाताना भाजी घेणाऱ्यांची गर्दी लागते. वर मान करून ती इमारत बघून घ्या.

कमी पैशात जास्त नाटकं बघायची असतील तर राज्य नाट्य स्पर्धा. हौशी संस्था, नाममात्र तिकीट. एखाद्या संध्याकाळी भयंकर वाईट नाटक बघाल, दुसऱ्या दिवशी असं काही दिसेल की झोप लागणार नाही. आणि जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री, चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई एकांकिका’ स्पर्धा. रात्रभर एकामागून एक एकांकिका, कॉलेजातल्या पोरांचा आरडाओरडा, पहाटे निकाल. शाल न्या आणि थर्मास न्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी असतेच.

पाहिलेलं नाटक नंतर पुस्तक आणून वाचा. उलट क्रमाने सहसा जमत नाही. न पाहिलेलं नाटक वाचणं नवख्याला रुक्ष वाटतं, पाहिलेल्याची पानं मात्र आवाजासकट वाचली जातात.

चित्रांकडे जाताना पुस्तक बरोबर ठेवा

वाचणारी बरीच माणसं चित्रांच्या दालनात बुजतात. मीही बुजायचे. मला वाट सापडली मुखपृष्ठांमधून. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर मुखपृष्ठ कुणाचं ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचायची सवय लावून घ्या. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, वसंत सरवटे ही नावं पुन्हापुन्हा दिसतील. महिनाभरात नाव न वाचता रेषेवरून माणूस ओळखाल.

मग चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून काळा घोडा. तिथे जाताना अरुण कोलटकर वाचून जा. हा माणूस जे. जे. कला महाविद्यालयात शिकला, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलं, मराठी-इंग्रजी दोन्हींत कविता लिहिल्या आणि काळा घोड्याच्या वेसाइड इन या हॉटेलात बसून समोरचा चौक वर्षानुवर्षं बघितला. ‘भिजकी वही’ जाड आहे, एकदम घेऊ नका. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या १९७७च्या संग्रहापासून सुरू करा. चित्रकाराच्या डोळ्याने लिहिलेल्या त्या कविता आहेत. कवितेतून बाहेर पडून समोरच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलात तरी दालन बदलल्यासारखं वाटणार नाही.

जहांगीर १९५२ची. प्रवेश फुकट. प्रदर्शनं साधारण आठवडाभराची, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी गेलात तरी नवं काही बघायला मिळतं. सगळी चित्रं बघू नका. एकदा दालनाभोवती चक्कर मारा, ज्याच्यापाशी पाय थांबला त्या एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहा, आधी जवळून, मग लांबून. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला माणूस बहुधा स्वतः चित्रकार असतो. ‘याचा अर्थ काय’ असं विचारलंत की त्याचा चेहरा पडतो. ‘हे आधी केलं की ते?’, ‘हा रंग कशाने लावलाय?’ असं विचारा, खुर्ची पुढे सरकवेल. समोरच्या बाजूला कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वेगळा दिवस काढून जा.

चित्रकारांनी मराठीत लिहिलेली दोन पुस्तकं ग्रंथालयात मागा. एक, रावबहादूर धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १८९०ला विद्यार्थी म्हणून जे. जे.त गेले आणि १९३१ला तिथूनच निवृत्त झाले, त्याचा हा वृत्तांत. दुसरं, प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’. ते हळू वाचायचं पुस्तक आहे. दिवसाला दोन पानं पुरे.

दिवाळी अंक

का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ला काढला, तेव्हापासून हे चालू आहे. ऑक्टोबरात अनेक ग्रंथालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात; ती भरा, मार्चपर्यंत पुरतात. विकत घ्यायचेच तर दोन घ्या, जास्त नको. अनोळखी लेखक चाखून बघायला याहून चांगली जागा नाही: कथा आवडली की त्याच नावाचं पुस्तक कार्डावर. जुने अंक रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात. दलालांची मुखपृष्ठं असलेला ‘दीपावली’ कधी हाती लागला तर किलोचा भाव जाहीर करू नका, मुकाट्याने पैसे द्या आणि निघा.

आता विकत घ्या

सहा महिने झाले, वीसेक पुस्तकं वाचून झाली, की त्यांतलं कुठलं पुन्हा वाचावंसं वाटतंय ते बघा. तेवढंच विकत घ्या. दादर पश्चिमेला शिवाजी मंदिराच्या इमारतीतलं मॅजेस्टिक आणि छबिलदासच्या गल्लीतलं आयडियल, एकमेकांपासून पाच मिनिटांवर. प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात लोकवाङ्मय गृह. जुनी पुस्तकं हवीत तर माटुंग्याला किंग्ज सर्कलचा आणि फोर्टात फाउंटनचा फुटपाथ. मराठी पुस्तकं इंग्रजीच्या ढिगाखाली असतात, खाली वाकावं लागतं. जुनं घेताना चार गोष्टी तपासा: शेवटची पानं आहेत का, मधला एखादा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, उलटा बांधलाय का, शिवण सुटलीय का, आणि कसर लागून बारीक भोकं पडलीत का. कसर लागलेलं पुस्तक कितीही स्वस्त असलं तरी घरी आणू नका, ती शेजारच्या पुस्तकात जाते.

मुंबईत पुस्तकाचा खरा वैरी पावसाळा. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं कोंबून भरू नका, हवा खेळली पाहिजे. जूनच्या आधी एका कोरड्या दुपारी सगळी बाहेर काढून पंख्याखाली पसरा, सुक्या फडक्याने पुसा, मग परत लावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आत ओल धरते आणि ऑगस्टात हिरवट ठिपके दिसतात. मावशीच्या पश्चात तिची पंचवीस-तीस पुस्तकं माझ्याकडे आली, ती मी दरवर्षी अशीच पसरते. विकत घेतलेली, स्वतःची, तरी प्रत्येकाच्या सत्ताविसाव्या पानावर ती फुली आहेच.

फक्त दोन पुस्तकांवर नाही. ती दोन मी यंदा गाडीत न्यायला बाजूला काढून ठेवलीत.